26 जानेवारी: झेंडा केवढा घ्यावा, बाजूला काय चालतं, आणि त्यानं माणसं जोडली जातात का?

खानापूरकर
पंच कमिटीनं वाचनालयासमोर 20 फुटी खांब उभा केलाय. झेंडा केवढा घ्यायचा, खादीचा की पॉलिएस्टरचा? अंगणात भगवा आहेच, काही जणांना कन्नडचा लाल-पिवळाही लावायचाय, ते चालतं का? आणि बैठकीत एक मुद्दा निघाला: जिथं दुकानाच्या पाटीच्या भाषेवरून भांडण होतं, तिथं एक कापड माणसांना काय जोडणार?

बेंगेरी_खादी
20 फुटांना 1350×900 मिमी घ्या, म्हणजे साधारण साडेचार बाय तीन फूट. 1800×1200 बसतो, पण भिजलेली खादी जड होते आणि वाऱ्यात साधी कप्पी अडकते. ठरलेले आकार नऊच, सगळे 3:2. चक्राचे 24 आरे मोजा, आणि चक्र दोन्ही बाजूंनी एकाच जागी आलंय का ते उजेडात धरून बघा. स्वस्त छपाई नेमकी तिथंच चुकते.

खादीसाठी लांब जायला नको. झेंडे हुबळीच्या बेंगेरीत तयार होतात, त्यांचं कापड बागलकोट भागात विणलं जातं. ध्वजसंहितेच्या 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीपासून यंत्रावरचं कापड आणि पॉलिएस्टरही चालतं. रोज लावणार असाल तर पॉलिएस्टर, वर्षातून दोनदाच असेल तर खादी. जुलै 2022 पासून लोकांना रात्रीही झेंडा लावून ठेवता येतो.

26 ला झेंडा वरच बांधलेला असतो, दोरी ओढली की उलगडतो. फजिती गाठीत होते. सरकगाठच मारा, दुहेरी मारली तर पाहुणे दोरी ओढत राहतात. पाकळ्या घालायला हरकत नाही, पण कोरड्या आणि मूठभरच. ओल्या पाकळ्यांनी कापड चिकटतं. केशरी टोक वरच्या फासात गेलंय ना, हे दोघांनी वेगवेगळं तपासा. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या कापडावर तालीम करा की.

दुसरे झेंडे: तिरंग्यापेक्षा उंच नको, बरोबरीनं शेजारीही नको, एका खांबावर तर नाहीच. भगवा दुसऱ्या टोकाला आणि ठळकपणे खाली घ्या. खांबाच्या टोकाला झेंडूचा हार घालायची आपल्याकडं फार हौस. तोही नियमात बसत नाही.

निपाणीचे_मास्तर
कापड जोडत नाही, कापडाला काय अर्थ लावायचा हे ठरवताना माणसं जोडली जातात. रंगांवरून धर्माचे वाद झाले, म्हणून 1931 मध्ये काँग्रेसनं रंगांना जातीय अर्थ नाही असं ठरावातच लिहिलं. 22 जुलै 1947 ला घटना समितीनं झेंडा स्वीकारला, तेव्हा चरख्याच्या जागी अशोकाचं चक्र आलं. असं घासून घेतलेलं चिन्ह टिकतं.

आपल्याच शहराचं बघा. 1924 चं बेळगाव अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष, आणि त्याच व्यासपीठावर हुईलगोळ नारायणरावांचं कन्नड नाडाचं गीत गायलं गेलं. देश आणि भाषा एकमेकांच्या आड आल्या नाहीत. आज 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, एकीकडं लाल-पिवळा, दुसरीकडं मराठी भाषिकांचा काळा दिवस. दोन्ही बाजू 26 ला मात्र एकाच झेंड्याला सलाम करतात. नोटेवरच्या भाषांच्या पट्टीत कन्नड चौथी, मराठी आठवी. त्यावरून कुणी भांडत नाही, कारण तिथला क्रम इंग्रजी वर्णमालेचा आहे, मानाचा नव्हे.

सुळेभावी_71
मास्तर, थोडं गोड करून सांगताय. चिन्ह तेव्हाच जोडतं, जेव्हा ते दुसऱ्याच्या दारात रोवायचं हत्यार होत नाही. बेळगावच्या किल्ला तलावाजवळ 110 मीटरचा खांब उभा केल्यानं सीमाभागातला एकही कागद मराठीत मिळाला नाही. एवढ्या उंचीवर वारा कापडाची कड आधी उसवतो, तेव्हा दुरुस्तीचा खर्चही धरावा लागतो. त्यापेक्षा तुमच्या वाचनालयाचा 20 फुटी बरा.

खानापूरकर
मान्य. भगवा कोपऱ्यात, लाल-पिवळ्याचं बैठकीत बोलू. तिरंगा फाटला तर काय करायचं?

बेंगेरी_खादी
कचऱ्यात नाही, पुसणीलाही नाही. लोकांसमोर न करता, मानानं, अख्खाच जाळायचा. चांगला असेल तर उतरवताना सावकाश आणा, आडवा धरा, केशरी आणि हिरवी पट्टी पांढऱ्याखाली घ्या, मग पांढरी अशी दुमडा की चक्र आणि दोन्ही रंगांचा थोडा भाग वर दिसेल. तळव्यांवर धरून कपाटात ठेवा. खादी दमट असेल तर आधी सावलीत वाळवा, नाहीतर पावसाळ्यात डाग पडतात.