अनुभव धागा: इंटरनेटचं बिल, वायफायची रड आणि घरच्या घरी केलेले उपाय

घरचं इंटरनेट रडायला लागलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: मोठा प्लॅन घ्या. कंपनी तेच सांगते, शेजारी तेच सांगतात आणि घरातली तरुण मंडळी तर त्याचीच वाट बघत असतात. माझं मत उलट आहे. वेग नेमका कुठे अडतोय हे कळल्याशिवाय जादा पैसे मोजू नयेत. पुष्कळदा तो घराच्या आतच अडलेला असतो. तुम्ही बिल कसं उतरवलंत, जुनी वस्तू कशी चालती ठेवलीत, ते इथे लिहा. ऐकीव नको, स्वतः करून पाहिलेलं हवं. मोबाईल, लॅपटॉपच्या युक्त्याही चालतील.

सुरुवात मीच करते. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट, हे वेगाचं माप) पुरतात, फोरकेला, म्हणजे एचडीहून बारीक चित्राला, १५ ते २५. घरातले सगळे एकाच वेळी मोठ्या पडद्यावर फोरके बघतायत असं आमच्याकडे कधी होत नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वापर दिसतो, तो गर्दीच्या वेळी बघत राहिले आणि प्लॅन एक पायरी खाली आणला. घरात कुणाला सांगितलं नाही. अजून कुणी विचारलेलं नाही.

एक खुलासा, कारण यावरून घरोघरी वाद होतात. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोडची खिडकी बहुधा मेगाबाइट दाखवते. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा १०० च्या प्लॅनवर १२ दिसले तर कंपनीने फसवलेलं नाही.

* * *

माझा किस्सा केबलचा. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि लॅपटॉपला लॅन केबल लावूनही स्पीड टेस्ट ९४ च्या वर जाईना. सकाळी ९४, रात्री ९४. कस्टमर केअरचं म्हणणं, ५०० चा घ्या म्हणजे फरक जाणवेल!

आकडा इतका ठाम असेल तर लाईनवर नाही, घरातल्या सामानावर संशय घ्यावा. लाईन खराब असती तर आकडा नाचला असता. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. १०० ला चारच पुरतात. बाकीच्यांपैकी एखादी तुटली की दोन्ही टोकांची यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात. त्यातला थोडा वेग डेटाच्या वेष्टणातच खर्च होऊन हाती ९४-९५ येतात. इंटरनेट चालू राहतं म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

प्लग टॉर्चच्या उजेडात धरला. आठ सोनेरी पट्ट्यांपैकी एक इतरांपेक्षा आत दबलेली होती, तिचं टोक तारेला टेकतच नव्हतं. नवी केबल लावली, कॅट ५ई, म्हणजे गिगाबिट पेलणारी, तीही साधीच. त्याच प्लॅनवर पूर्ण वेग. विंडोजमध्ये नेटवर्कच्या स्टेटसमध्ये लिंक स्पीड दिसतो. तिथे १०० असेल तर केबल तपासा. केबल बरी असेल तर राउटर बघा, जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे असतात. तसल्या राउटरवर ३०० चा प्लॅन घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

* * *

घासाघीस हा आमचा खानदानी छंद, म्हणून लिहिते. नव्या गिऱ्हाइकाला पायघड्या आणि जुन्याला ‘पदरी पडलं पवित्र झालं’, हे बहुतेक कंपन्यांचं धोरण. फोन करण्याआधी दोन गोष्टी समोर ठेवते: त्याच कंपनीचा नव्या ग्राहकांसाठीचा दर आणि आपल्या इमारतीत खरोखर येणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा दर. न येणाऱ्या कंपनीची धमकी देऊ नका, समोरच्याला लगेच कळतं.

आवाज चढवायचा नाही. “कनेक्शन बंद करायचा विचार आहे, त्या विभागाशी बोलू द्या” एवढंच म्हणायचं. सवलती द्यायचा अधिकार बऱ्याचदा त्याच टेबलावर असतो. दर खाली आला की हुरळून जाऊ नका. सवलत कधी संपते, नंतर दर काय, मधेच सोडलं तर दंड आहे का, राउटरचं भाडं वेगळं लागतं का, हे विचारून ईमेलवर मागून घ्या. तोंडी आश्वासन पुढच्या फोनला कुणालाच आठवत नाही. मग सवलत संपायच्या दोन आठवडे आधीचा रिमाइंडर मोबाईलमध्ये लावायचा. पैसे खरे वाचतात ते त्या रिमाइंडरमुळे.

भाड्याचा राउटर परत केलात तर पावती घ्या. माझ्या मावसबहिणीला परत केलेल्या राउटरचं बिल येत राहिलं होतं. पावतीचा फोटो दाखवल्यावर थांबलं.

* * *

घासाघीस सगळ्यांना जमत नाही हो. मला फोनवर बोलायचाच कंटाळा. मी फक्त बिलाची प्रत्येक ओळ वाचली. कुणी न उचलणारा लँडलाईन, कधीच न बसवलेला अँटीव्हायरस, ‘प्रीमियम सपोर्ट’. तिन्ही ॲपमधूनच बंद झाले.

कंपनी बदलणार असाल तर एक सांगतो. कंपनीने दिलेला ईमेल पत्ता बँकेला, आयकराला, कुठेच देऊ नका. बाबांचा सगळा पत्रव्यवहार तसल्या पत्त्यावर होता. दर वाढला तरी कंपनी सोडवेना. आधी सगळीकडे नवा पत्ता कळवला, काही महिने दोन्ही चालू ठेवले, मग सुटका झाली.

* * *

वायफायवाल्यांसाठी थोडक्यात. राउटर टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा जमिनीवर ठेवू नका. घराच्या मधोमध, उंचावर. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे जातो पण हळू आणि गर्दीचा; तिथे चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलाच घ्या, कारण तेच एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत आली की दमतो. मायक्रोवेव्हही २.४ च्याच आसपास चालतो, त्यामुळे जेवण गरम होत असताना कॉल तुटतो ही तक्रार खरी असू शकते. टीव्ही हलत नाही, त्याला केबलच लावा.

* * *

आमच्याकडे लाईनच जायची, तीही लहर लागेल तेव्हा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुके, थोड्या वेळाने आपोआप विझे. माणूस तपासायला येई तेव्हा सगळं ठीक. फायबर काचेची असते, ठराविक मर्यादेपेक्षा जास्त वाकली की प्रकाश बाहेर गळतो. आमची केबल दाराच्या चौकटीतून आत आलेली आणि दार पूर्ण उघडलं की बिजागरीपाशी दाबली जायची! तपासायला येणारा माणूस दार अर्धवट लोटूनच काम करायचा. मी दार पूर्ण उघडून दिवा दाखवला तेव्हा त्याने मुकाट्याने वाट बदलून दिली.

* * *

वरच्या ताईंनी प्लॅन उतरवला हे बरोबर, पण अपलोड बघितला का? व्हिडिओ कॉलवर आपला चेहरा जातो तो अपलोडमधून. स्पीड टेस्ट उत्तम आणि तरी कॉल अडखळतो, असं आमच्याकडे व्हायचं. मोबाईलचे फोटो क्लाउडवर चढत असायचे आणि बाकी सगळं त्यांच्यामागे रांगेत. टेस्ट एकट्याने केली की हे दिसत नाही. मोठी फाईल चढवायला लावून त्याच वेळी पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) बघा. २० चा ३०० झाला तर रोग तोच. बॅकअप रात्रीवर टाकला, राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती वेग हे ठरवणारी सोय) चालू करून अपलोडला मर्यादा घातली. प्लॅन तोच आहे.

* * *

जुन्या लॅपटॉपबद्दल कुणीच लिहिलं नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चालती यंत्रं अडगळीत जायला लागली. आईच्या लॅपटॉपवर ११ बसत नव्हतं. हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) घातली, वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली. तिला ब्राउझर, व्हिडिओ कॉल आणि पत्ते खेळायला लागतात. पहिल्या दिवशी ‘माझे पत्ते कुठे गेले’ म्हणून फोन आला, मग नाही. मात्र डिजिटल सहीचं यूएसबी डोंगल किंवा ऑफिसचं खास सॉफ्टवेअर लागत असेल तर या फंदात पडू नका. आणि डिस्क बदलण्याआधी फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या, त्यातली एक जागा घराबाहेरची.

* * *

राउटरच्या ॲडमिनचा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच असेल तर तो बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन घालून जोडण्याची सोय) बंद करा, पाहुण्यांना आणि स्मार्ट बल्बांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे वेगळं वायफाय, द्या. आमचं नेट रात्री मंद व्हायचं. राउटरच्या यादीत अनोळखी फोन निघाले, मागच्या भाडेकरूंच्या वेळचा पासवर्ड बाहेर फिरत होता. बदलल्यावर वरच्या मजल्यावरचे काका विचारायला आले, तुमचं नेट चालू आहे का, आमचं सकाळपासून बंद आहे.