प्रश्नमंजुषेच्या बझरला पुश बटण कुठलं घ्यावं? लांब वायर जोडली की न दाबताच दिवा लागतोय

विज्ञानबाई_जांबोटी

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवते. आसपासच्या शाळांची प्रश्नमंजुषा यंदा आमच्याकडं आहे. सहा संघ येणार, त्यातले दोन कन्नड शाळांचे. बझर बाहेरून भाड्यानं न आणता नववीच्या मुलांनी स्वतः करायचा असं ठरलंय. आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरून चालवायचा छोटा बोर्ड), सहा बटणं, सहा एलईडी आणि एक बझर. ज्याचं बटण आधी दाबलं जाईल त्याचा दिवा लागायचा आणि बाकीच्यांची बटणं गप्प.

ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या भोकांच्या पट्टीवर) चार पायांची छोटी बटणं लावून सगळं झकास चालतं. पिनला आतला पुलअप (बटण दाबलेलं नसताना पिन ५ व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर), बटणाचं दुसरं टोक ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला. पण हॉलमध्ये टेबलं लांब असतात म्हणून दहा-बारा मीटर वायर ओढून बघितली, तर कुणी हात न लावता तिसऱ्या संघाचा दिवा लागतो. पंखा किंवा ट्यूबलाइट बंद-चालू केली की हमखास.

दुसरी अडचण बटणाचीच. ही छोटी बटणं स्पर्धेच्या भरात एका फटक्यात मोडतील. खानापुरात दारावरच्या बेलचं बटण मिळतं, त्यावर ६ अँपियर लिहिलंय. बेळगावात एका दुकानात लाल छत्रीचं मोठं बटण दाखवलं, दिसायला अगदी स्पर्धेतल्यासारखं, पण दाबलं की दबूनच राहतं. यातलं कुठलं घेऊ? आणि वायर कसली वापरू? खर्च शाळेला झेपेल एवढाच करायचाय.

उद्यमबागचा_वायरमन

बाई, ते लाल छत्रीचं घेऊ नका. ते इमर्जन्सी स्टॉप आहे. दाबलं की अडकतंय आणि फिरवलं की सुटतंय. शिवाय आतला कॉन्टॅक्ट एनसी असतो, म्हणजे एरवी जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा. मशीन थांबवायला तेच बरोबर, कारण कुठं वायर तुटली तरी मशीन आपोआप थांबतं. तुम्हाला पाहिजे एनओ, म्हणजे एरवी तुटलेला आणि दाबल्यावर जोडणारा, तेही स्प्रिंगनं लगेच वर येणारं. त्याच मापात न अडकणारी छत्रीसुद्धा मिळते. दुकानात "स्प्रिंग रिटर्न, एक एनओ" एवढं स्पष्ट सांगा आणि घेताना मागचा ब्लॉक बघा. हिरवा असून ३-४ नंबर असले तर एनओ, लाल असून १-२ असले तर एनसी. पत्र्याला किंवा लाकडाला भोक २२.५ मिमीचं पाडावं लागतं. मी रोज हीच बटणं पॅनेलवर बसवतो. पोरांनी मुठीनं मारलं तरी त्यांना काही होत नाही.

बेलचं बटणपण चालतंय की. गावात मिळतंय, स्वस्त आहे आणि बिघडलं तर त्याच दिवशी बदलता येतंय. शाळेसाठी मी तेच निवडेन. पण त्यावरच्या ६ अँपियरवर भुलू नका. तो आकडा जास्तीत जास्त किती करंट झेपेल ते सांगतो. कमीत कमी किती पाहिजे ते कुठंच लिहिलेलं नसतं, आणि तुमचं काम तिथंच अडणार आहे.

असं बघा. नॅनोच्या पिनचा आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा. ५ व्होल्टला त्यातून जाणारा करंट ०.१ ते ०.२५ मिलीअँपियर. बेलच्या बटणाचा कॉन्टॅक्ट चांदीच्या मिश्रणाचा असतो, २३० व्होल्टसाठी केलेला. चांदीवर हवेनं काळपट थर चढतो. घरातल्या लाइनवर वापरताना दर वेळी बारीक ठिणगी पडून तो थर जळून जातो. पाव मिलीअँपियरला तो थर फुटत नाही. मग दहा वेळा दाबलं तर आठ वेळा लागतंय आणि दोनदा नाही, आणि पोरगं म्हणतंय मी आधी दाबलं होतं. तुमच्या जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस किती, हे तुम्हाला काय सांगायचं. जून ते सप्टेंबर कपाटात राहिलेलं बटण त्या ओलीत काळं पडणारच.

यावर उपाय म्हणजे बटणातून जरा दमदार करंट जाऊ द्यायचा. आतला पुलअप बंद करा आणि बाहेरून १ किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टला लावा. दाबल्यावर ५ मिलीअँपियर जातात. सहाही बटणं एकदम दाबली तरी ३० मिलीअँपियर, नॅनोच्या सप्लायला ते काहीच नाही. पाव वॅटचा रेझिस्टर भरपूर होतो.

याच एका बदलानं पंख्याचा त्रासही बराचसा जाईल. पंखा बंद-चालू होताना जो धक्का येतो तो लांब वायर पकडते. ३०-४० किलोओहमनं लोंबकळणारी लाइन त्या धक्क्यानं सहज खाली ओढली जाते. १ किलोओहमनं धरलेली ओढायला फार जोर लागतो. उरलेलं कपॅसिटर खातो. वायर नॅनोच्या डब्यात आली की आधी १ किलोओहमचा पुलअप, मग तिथून पिनकडं जाताना मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर आणि पिनपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, ज्याच्यावर १०४ लिहिलेलं असतं तो. याची वेळ साधारण १ मिलीसेकंद बसते. माणसाच्या बोटाला तेवढं कळत नाही, पण धक्का तेवढ्यात विरून जातो. १० किलोओहममुळं पिनचंही रक्षण होतं.

इथं एक बारीक गोष्ट सांभाळा. हे लावल्यावर प्रोग्रॅममध्ये पिन साधी इनपुट ठेवा. आतला पुलअप चालू राहिला तर तो आणि हा १० किलोओहम मिळून व्होल्टेज वाटून घेतात. मग बटण दाबूनही पिनवर सव्वा-दीड व्होल्ट शिल्लक राहतो. ५ व्होल्टच्या नॅनोला १.५ व्होल्टच्या खालीच 'लो' खात्रीनं कळतं, त्यामुळं काम काठावर येतं.

वायर साधी फ्लेक्झिबल चालते, अर्धा चौरस मिमीची. फक्त बटणाची आणि तिची ग्राउंडची अशा दोन्ही एकमेकींना पिळून न्या. दोन टोकं खिळ्याला बांधा, दुसरी दोन ड्रिलच्या चकमध्ये धरून हळू फिरवा, बारा मीटर दोन मिनिटांत पिळून होतात. सहा बटणांना मिळून एकच ग्राउंड फिरवू नका, प्रत्येकाची जोडी वेगळी न्या. लांबीची काळजी नको. जाऊन-येऊन एक ओहमच्या आसपास विरोध, १ किलोओहमपुढं त्याचा हिशेबच नाही. लाइटच्या वायरीला चिकटून मात्र ओढू नका, आडवी जाऊ दे.

आणि हे कळकळीनं सांगतो. बेलचं बटण २३० व्होल्टचं आहे म्हणून कुणी त्यातून थेट बल्ब लावायचं सुचवेल. पोरांच्या टेबलावर ५ व्होल्टच्या वर काहीही जाता कामा नये.

शहापूर_रेडिओ

वायरमननी करंटचं सांगितलं ते लाखातलं एक. रेडिओच्या बँड स्विचवर मी आयुष्यभर हाच काळा थर साफ करत आलोय.

बाई, मुलांना नॅनोच्या आधी एकदा दोन रिलेंवर हाच खेळ करून दाखवा. रिले म्हणजे कॉइलला करंट मिळाला की चुंबकानं कॉन्टॅक्ट हलवणारा स्विच. १२ व्होल्टच्या दोन रिले घ्या. प्रत्येक रिले स्वतःच्या एनओ कॉन्टॅक्टनं स्वतःला धरून ठेवते आणि स्वतःच्या एनसी कॉन्टॅक्टनं दुसरीच्या बटणाची वाट तोडते. आधी उचलली ती जिंकली. सगळं परत मोकळं करायचं बटण मात्र एनसी लागतं, कारण त्यानं सप्लाय तोडायचा असतो. मुलांच्या घरी शेतात मोटर असेल तर त्यांनी हे बघितलेलंच आहे. स्टार्टरचं हिरवं बटण सोडलं तरी मोटर चालू राहते आणि लाल दाबलं की बंद होते, ती हीच जोडणी. प्रत्येक कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड विसरू नका.

डब्यात वायर शिरते तिथं आतून एक गाठ मारा. हॉलमध्ये कुणाचा तरी पाय अडकणारच, तेव्हा झटका गाठीवर यावा, सोल्डरच्या डागावर नको. आणि वीज गेली तर पॉवर बँकेवर चालवाल, पण आधी तासभर लावून बघा. करंट अगदी थोडा असला की बऱ्याच पॉवर बँका स्वतःहून बंद होतात.

चिकोडीचा_ईसी

काकांनी हार्डवेअर पूर्ण केलंच आहे, मी प्रोग्रॅमचं बोलतो. पहिलं बटण लागलं की बाकी बंद, त्यामुळं इथं कॉन्टॅक्ट थरथरण्याचा त्रास होत नाही. एकच दाब दोनदा मोजला गेला तरी निकाल तोच. म्हणून ५० मिलीसेकंदांचं डिले वगैरे अजिबात टाकू नका, त्या थांबण्यातच दुसऱ्या संघावर अन्याय होतो. पिन लो दिसली की ५ मिलीसेकंद सलग लोच राहते का ते बघा आणि मग लॉक करा. वेळ मात्र पहिल्यांदा लो दिसली तेव्हाचीच धरा.

सहा बटणं डी२ ते डी७ वर घ्या. नॅनोत हे सहाही पिन एकाच पोर्टवर आहेत, म्हणजे एका वाचनात सगळ्यांची स्थिती एकाच क्षणाची मिळते. आधी कुणाचा पिन वाचला असा प्रश्नच राहत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, हुशार मुलं प्रश्न संपायच्या आधीच बटण दाबून धरतात. रीसेट केल्यावर सहाही बटणं सुटलेली आहेत का ते आधी तपासा. एखादं दाबलेलं असेल तर त्याचा दिवा लुकलुकवा आणि ते सुटेपर्यंत खेळ सुरूच होऊ देऊ नका. वायर कुठं शॉर्ट झाली असेल तर तीही याच तपासणीत सापडते.

विज्ञानबाई_जांबोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. बेलची बटणं घेतली, १ किलोओहम, १० किलोओहम आणि १०४ लावले. वायर पिळायला मुलांची रांग लागली होती. आता हॉलमधले सगळे पंखे एकदम चालू केले तरी दिवा लागत नाही. रिलेचा खेळ मुलांना फारच आवडला, शहापूरच्या काकांना त्यांनी नमस्कार सांगितलाय.

एकच विचारते. डब्यांवर संघांची नावं मराठीत लिहायची की कन्नडमध्ये, यावर शाळेत चर्चा चाललीय. आणि बेलच्या बटणाला दोनच स्क्रू आहेत, त्यात उलटसुलट काही असतं का?

उद्यमबागचा_वायरमन

दोन स्क्रूंत उलटसुलट काही नाही, कुठलीही वायर कुठंही लावा. पण फ्लेक्झिबलचे सुटे तंतू स्क्रूबाहेर राहू देऊ नका. पिळून, लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) लावून मगच कसा. नाहीतर एक तंतू शेजारी टेकला की बटण कायम दाबलेलंच.

डब्यांना रंग द्या बाई. लाल, पिवळा, हिरवा, निळा, पांढरा, केशरी, आणि तुमच्या मुख्य डब्यावर त्याच रंगाची पट्टी त्या त्या दिव्याखाली. कन्नड शाळेच्या पोरालाही न विचारता आपला डबा कळतो आणि सूत्रसंचालकालाही लांबून दिसतं. वायरीच्या दोन्ही टोकांना त्याच रंगाची टेप गुंडाळा. आणि सातवा डबा बिनरंगाचा करून वायरीसकट तयार ठेवा. स्पर्धा चालू असताना दुरुस्ती करत बसायचं नाही, डबा बदलून पुढचा प्रश्न घ्यायचा.