केनियातल्या अनाथाश्रमाला गणवेश पाठवायचे आहेत, कसे पाठवू? (आणि पाठवू का?)

अशोकचौक_अक्का

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची. अशोक चौकाच्या मागं माझं गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. बायका पीसरेटवर येतात, कटिंग मास्टर एक आहे, काज-बटण बाहेर देते. मागच्या सीझनला एका शाळेनं ऑर्डर दिली आणि माल तयार झाल्यावर गणवेशाचा रंगच बदलला. ते आकाशी चौकड्याचे शर्ट आणि नेव्ही ब्ल्यू ट्युनिक माळ्यावर पडून आहेत, २२ नंबरपासून ३४ पर्यंत. कापड चांगलं आहे, रंग जात नाही. खिशावर लोगो आहे, तो उसवता येतो.

माझा भाचा नैरोबीला नोकरीला आहे. तिथली काही मराठी पोरं मिळून रविवारी शहराबाहेरच्या एका अनाथाश्रमात जातात. खाऊ नेतात, गणितं शिकवतात, फुटबॉल खेळतात. भाचा फोटो पाठवतो आणि मी ते भिशीत दाखवते. आश्रमाचे चालक त्याला म्हणाले, गणवेश मिळाले तर फार बरं होईल. शिवाय एकेका मुलाचा महिन्याचा खर्च कुणी उचलला तर त्याचा फोटो, प्रगतीपुस्तक आणि वर्षाला एक पत्र येईल. भिशीतल्या सगळ्या जणी लगेच तयार. "आपण दहा पोरं घेऊ" इथपर्यंत गाडी गेली.

आता माझ्या अडचणी. कुरिअरवाल्यानं सांगितलेलं भाडं मालाच्या किमतीच्या वर जातंय. आमच्या महिला मंडळाचा ट्रस्ट नोंदलेला आहे, पण त्याच्या खात्यातून परदेशी पैसे पाठवायचे म्हटल्यावर बँकेतल्या मुलानं एफसीआरए का काय ते सांगून परत पाठवलं. भाचा म्हणतो, मावशी, मी इथं शिलिंगमध्ये देतो, तू तिकडं माझ्या आईच्या हातात रुपये दे. सोपं वाटतं, पण चालतं का?

तिसरी गोष्ट माझ्या लेकीची. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत तिथं जाऊन राहते, पोरांना सांभाळते म्हणते. तिच्या बाबांचा साफ नकार, माझा अर्धा होकार. काही बोललं की ऐकवते, "डॉक्टर कोटणीस इथूनच चीनला गेले ना?" यावर काय बोलणार?

अनुभव असेल त्यांनी लिहा. उगाच "छान उपक्रम" असं नको.

---

चटणी_भाकरी

अक्का, काय करू लालाय तुम्ही? विडी घरकुलात जाऊन बघा, तंबाखूच्या धुळीत बसून बायका विड्या वळतात, शेजारी लेकरं अभ्यास करतात. ती दिसंनात आणि आफ्रिका दिसू लाली. फोटो लांबून आला की मन लवकर विरघळतंय बघा आपल्या लोकांचं.

---

धोटा_मास्तर

अक्का, नमस्कार. सोलापुरातल्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद होत होते, त्या काळात मी विव्हिंग मास्तर म्हणून केनियात गेलो. थिकाच्या एका गिरणीत होतो. तिथंही तेच झालं. नव्वदीच्या सुरुवातीला आयात खुली झाली आणि जुन्या कपड्यांच्या गाठी उतरू लागल्या. मितुंबा म्हणतात त्यांना. नैरोबीचा गिकोंबा बाजार त्यावरच चालतो. धर्मादाय म्हणून युरोप-अमेरिकेत दिलेले कपडे तिथं किलोवर विकले जातात. गरिबाला स्वस्त कपडा मिळतो हे खरं, हजारोंचं पोटही त्यावर आहे. पण आमच्या मागांचा खडखडाट थांबायला ज्या गोष्टी कारण झाल्या, त्यात या गाठीही होत्या. म्हणून कुणी "कपडे पाठवतो" म्हटलं की माझा कान उभा राहतो.

तुमचा माल नवा आहे, मान्य. पण तिथली प्रत्येक शाळा आपला रंग ठरवते. एकीला हिरवा, शेजारच्या शाळेला मरून. तुमचा आकाशी चौकडा कुठल्या शाळेत चालणार? आणि गणवेशात स्वेटर आलाच. नैरोबी समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,८०० मीटर उंच आहे, जून ते ऑगस्टमध्ये सकाळी चांगलीच थंडी असते. सोलापूरच्या उन्हाच्या हिशेबानं शिवलेला शर्ट तिथं एकटा पुरत नाही.

लांबून गणवेश ठरवला की काय होतं ते आपण २०२४ मध्ये इथं बघितलंच. सरकारनं राज्यभरासाठी एका ठिकाणाहून कापड काढलं, कुठं मापं बसली नाहीत, कुठं शाळा सुरू होऊन महिने गेले तरी गणवेश नाही. शेवटी डिसेंबरात अधिकार परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. तुम्ही याच धंद्यातल्या, तुम्हाला मी काय सांगावं.

आता दुसरी बाजू. गणवेशाची गरज खोटी नाही. केनियात २००३ पासून सरकारी प्राथमिक शाळांची फी माफ झाली, पण गणवेश आईबापाच्याच माथी राहिला. तो नाही म्हणून पोर घरी बसतं. एस्थर डफ्लो, पास्कलिन द्युपा आणि मायकेल क्रेमर यांनी पश्चिम केनियातल्या शाळांमध्ये मोफत गणवेश देऊन पाहिलं, तर गळती कमी झाली, मुलींची लवकर होणारी लग्नं आणि बाळंतपणंही घटली. डफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ चं नोबेल अभिजित बॅनर्जींसोबत मिळालं, तेच हे. मग गणवेश द्याच, पण शिवून घ्या तिथं. प्रत्येक वस्तीत फुंडी असतात, म्हणजे कारागीर. पत्र्याच्या टपरीत पायमशीन घेऊन बसलेले. त्यांना शाळेचा रंग पाठ असतो आणि मुलाचं माप समोर उभं असतं. तुमच्या कुरिअरच्या भाड्यात त्या फुंडीची मजुरी आणि कापड दोन्ही निघेल असा माझा अंदाज आहे.

आणि खरा प्रश्न गणवेशाचा नाहीच. भाच्याला एवढंच विचारा, डिसेंबरच्या सुट्टीत आश्रमात किती पोरं असतात? तिकडं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरात मोठी सुट्टी, सगळं नैरोबी गावी जातं. आश्रमातली बरीच पोरं त्या महिन्यात "नातेवाइकांकडे" जात असतील तर त्यांना घर आहे. आई आहे, नाहीतर आजी आहे. फक्त घरात पैसा नाही. अनाथ म्हणून ज्यांचे फोटो फिरतात त्यातली पुष्कळ पोरं अशीच निघतात. केनिया सरकारनं २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ मध्ये पोरांना बालगृहांतून घरांकडे नेण्याचं दहा वर्षांचं धोरण आणलं, ते काही उगाच नाही. नोंदणीपत्र बघायला मागा. प्रत्येक मुलाला तिथं ठेवण्याचा कोर्टाचा आदेश लागतो, तो आहे का विचारा. मुलांचे कागद तुम्हाला दाखवायची गरज नाही, ती त्यांची खाजगी बाब. पण चालक या प्रश्नावर चिडले की समजून जा.

तुमचे महिन्याचे पैसे आश्रमाला गेले की पोराची जागा आश्रमात पक्की होते. तेच पैसे शाळेच्या आणि फुंडीच्या हातात पडले तर पोर आईजवळ राहून शिकतं. एम-पेसा तिथं २००७ पासून आहे, भाजीवालीही मोबाइलवर पैसे घेते, त्यामुळे आईपर्यंत पैसा पोचणार कसा हा प्रश्न उरलेला नाही.

---

अशोकचौक_अक्का

चटणी-भाकरी दादा, माझी आई विड्या वळायची. मीही वळल्यात, शाळेतून आल्यावर पान कापायला बसायचे. माझ्याकडं शिवायला येतात त्यातल्या निम्म्या बायका विडी सोडून आलेल्या आहेत. त्यामुळं मला विडी घरकुल दाखवू नका. इथलं केल्यावर तिथलं करायचं नाही असा नियम कुठला?

मास्तर, तुमचं वाचून दोनदा चहा गार झाला. प्रायोजक आणि पत्राचं म्हणताय त्यावरून एक आठवलं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिचा खर्च परदेशातलं एक जोडपं द्यायचं. वर्षातून एकदा बाई तिला बाजूला बसवून पत्र लिहून घ्यायच्या. "मी आनंदात आहे, मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते." ती आनंदात नव्हती, तिच्या घरी त्या वर्षी बाप वारला होता. पण ते लिहायचं नव्हतं. नवीन फ्रॉक घालून फोटो काढायचा, आणि त्या फ्रॉकवरून बाकीच्या मुली तिला चिडवायच्या. तिच्या धाकट्या भावाला मात्र काहीच नव्हतं, कारण पैसे तिच्या नावाचे. भिशीत "दहा पोरं घेऊ" म्हणाल्या तेव्हा मला हे कसं आठवलं नाही कोण जाणे. आता पत्राची अट मी काढूनच टाकणार.

लेकीचं कुणीतरी बोला. ती हे सगळं वाचतेय.

---

बार्शीची_सिस्टर

मी नर्स आहे. २०१५ च्या भूकंपानंतर काही काळ नेपाळमध्ये काम केलं. लेकीसाठी लिहिते.

काठमांडूच्या एका बालगृहात आम्ही तपासणीला जायचो. आत पाऊल टाकलं की पोरं धावत येऊन गळ्यात पडायची, नाव विचारायच्या आधी. येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, किती लळा लागला! मला त्याची काळजी वाटायची. घरातलं तीन-चार वर्षांचं पोर अनोळखी माणसाला बघून आधी आईमागं लपतं. इथं दर तीन आठवड्यांनी स्वयंसेवक म्हणून नवी दिदी यायची, रडवून जायची. आणि प्रत्येक नवी दिदी इंग्रजी पहिल्यापासून सुरू करायची. आठ-नऊ वर्षांची पोरं रंगांची नावं चौथ्यांदा की पाचव्यांदा म्हणत होती, अगदी शहाण्यासारखी, कारण म्हटलं की पाहुणे खूश होतात हे त्यांना कळलं होतं.

तिथला इतिहास वाईट आहे. १९९६ ते २००६ च्या माओवादी संघर्षात हुमलासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून दलालांनी "शहरात शिकवतो" सांगून पोरं आणली. आईबाप जिवंत, पोरं कागदावर अनाथ. बालगृहं कुठं जास्त झाली? काठमांडू खोरं, पोखरा, चितवन. जिथं पर्यटक जातात तिथं. भूकंपानंतर हेच पुन्हा होईल म्हणून सरकारनं पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी केली आणि परदेशी दत्तकही थांबवलं. ऑस्ट्रेलियानं तर २०१८ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याच्या वेळी अशा आश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी हा प्रकार उघडपणे मान्य केला.

कोटणीसांचं म्हणशील तर बाळ, ते १९३८ मध्ये गेले तेव्हा हातात डॉक्टरकी होती आणि चीननं डॉक्टर मागितले होते. चिनी भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवली, १९४२ मध्ये तिथंच वारले. सुट्टी बघून गेले नव्हते. तू एमएसडब्ल्यू पूर्ण कर. आपल्याकडं बाल न्याय कायद्याखाली मुलांना संस्थेतून घरी सोडताना घरभेटी, पाठपुरावा लागतो, त्यासाठी माणसं कमी पडतात. ते काम दोन-तीन वर्षं कर, मग तुला कुणीतरी बोलावेल. बोलावल्यावर जा.

---

हिशेब_चोख

सीए आहे, पैशाचं तेवढं सांगतो.

एफसीआरए हा बाहेरून भारतात येणाऱ्या देणगीचा कायदा. तुमच्याशी त्याचा संबंध नाही, बँकेतल्या मुलाचा गोंधळ झालाय. पण ट्रस्टच्या खात्यातून पाठवू नका हा सल्ला योगायोगानं बरोबर आहे. ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं तर सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) आदेशाशिवाय त्यावर करसवलत मिळत नाही. शिवाय तुमच्या ट्रस्टच्या उद्देशात ते बसतं का, हा धर्मादाय आयुक्तांकडचा प्रश्न वेगळाच.

व्यक्तीला मात्र मुभा आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, भेट आणि देणगी त्यात धरून. पॅन आणि ए-२ फॉर्म लागेल. वर्षाला १० लाख रुपयांच्या आत असाल तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, कापला जात नाही. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जीची करसवलत मिळत नाही, ती आशा सोडा. दर महिन्याला थोडे थोडे पाठवलेत तर बँकेचं शुल्कच त्यातलं बरंचसं खाईल, वर्षातून एकदा पाठवा.

आणि भाच्यानं तिकडं शिलिंग द्यायचे, तुम्ही इकडं ताईंच्या हातात रुपये ठेवायचे, हे अजिबात करू नका. हेतू कितीही चांगला असो, याला हवाला म्हणतात आणि फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात ते बसत नाही. भाच्याला स्वतःच्या पगारातून द्यायचे असतील तर त्यानं खुशाल द्यावेत, तो त्याचा व्यवहार.

---

चटणी_भाकरी

अक्का, विडीचं माहीत नव्हतं. माळ्यावरचा माल काय करणार मग?

---

अशोकचौक_अक्का

लोगो उसवायला बसवलंय दोघींना. आमच्या एका शिवणाऱ्या बाईचं गाव मंगळवेढ्याकडं आहे, तिथून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं आजी-आजोबांकडं राहून शाळा शिकतात. शाळेचा रंग जुळत नाही, पण गुरुजी म्हणाले आठवड्यातून दोन दिवस कुठलाही शर्ट चालतो. आधी मापं मागवलीत, मग माल जाईल.

भाच्याला डिसेंबरचं विचारलं. आधी म्हणाला, "मावशी, असं कसं विचारू?" मग विचारलं. स्वयंपाकीणबाईनं सांगितलं, ख्रिसमसला निम्म्याच्या वर पोरं जातात. चालकांनी विषय बदलला आणि नवीन इमारतीचा नकाशा दाखवला. भाचा जरा गप्प झालाय, रविवारचं मन तिथं लागायचं त्याचं. खेळायला अजून जातो, ते मी बंद कर म्हटलं नाही. फोटो तेवढे थांबवलेत, पोरांचे चेहरे आमच्या भिशीच्या ग्रुपवर कशाला?

त्याच्या ऑफिसात साफसफाईला येणाऱ्या बाई आहेत, किबेरा झोपडपट्टीत राहतात, तीन पोरं सरकारी शाळेत. त्यांच्याकडून त्यानं शाळेजवळच्या फुंडीचा पत्ता घेतलाय. भिशीत दोघी नाराज आहेत, फोटो नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह गेला. बाकीच्या आहेत. सिस्टर, लेक तुमच्याशी बोलायचं म्हणतेय, निरोप पाठवते.

स्कर्ट, शर्ट आणि स्वेटर मिळून फुंडी काय घेतो ते भाचा या शनिवारी विचारून येणार आहे. कापड वेगळं, शिलाई वेगळी, असा दर मागितलाय. आला की इथं टाकते. पीसरेट मला कळतो, मास्तर, तुम्ही फक्त शिलिंगचं गणित तपासा.