पार्किंगमधलं चार्जिंग आणि ‘५ मिनिटांत फुल’

कुलकर्णी, ए-३०२: हा व्हिडिओ बघा. ५ मिनिटांत इलेक्ट्रिक गाडी फुल चार्ज, दोन वर्षांत येतंय म्हणे. मग पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटच्या वायरिंगवर आत्ताच कशाला खर्च? सोसायटीच्या वार्षिक सभेतला (एजीएम) विषय पुढे ढकलूया.

शेख, बी-१०४: काका, त्यात नुसता एक सुटा सेल आहे, शेकडो सेल जोडलेला गाडीचा पॅक नाही. २०१४ ला तेल अवीवमध्ये स्टोअरडॉट या इस्रायली बॅटरी कंपनीने सॅमसंगचा फोन ३० सेकंदांत चार्ज करून दाखवला होता. दुकानात कुठे मिळाला?

कुलकर्णी, ए-३०२: पण बीवायडी या चिनी कार कंपनीचं तर पेपरात आलं होतं.

पाटील, सी-५०१: ते खरं आहे. मार्च २०२५, ५ मिनिटांत ४०० किमी. पण त्याला १००० व्होल्ट, १००० अँपिअर, म्हणजे १ मेगावॅटचा चार्जर लागतो. ग्रिडवर ताण नको म्हणून शेजारी साठवणुकीची बॅटरी. शिवाय ते ४०० चिनी चाचणीतले, हायवेवर एसी लावून नव्हे 🙂
आपला हिशोब करा. ६० युनिटची बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर न्यायला ४२ युनिट. ५ मिनिटांत भरायची तर गुणिले १२ (तासात पाच-पाच मिनिटं १२), ५०४ किलोवॅट. आपला ट्रान्सफॉर्मर ६३० केव्हीएचा, म्हणजे सगळ्या सोसायटीला मिळून फार तर ६३० किलोवॅट. एक गाडी लावली की लिफ्ट आणि पंपाला रामराम.

देसाई, बी-७०३: आणि बॅटरीला सोसेल का एवढं?

शेख, बी-१०४: ताई, खरी मेख तिथेच आहे. चार्ज होताना लिथियमला बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांत शिरायला वेळ लागतो. घाई केली की तो वरच धातू होऊन साचतो. तेवढी क्षमता गेली, आणि त्याला सुयांसारखे कोंब फुटले तर आतल्या आत शॉर्ट. थंडीत जास्तच. करंट दुप्पट केला की उष्णता चौपट.
इलेक्ट्रोड (सेलमधले लिथियम साठवणारे थर) पातळ केले तर जमतं, पण मग त्याच वजनात तांबं-अ‍ॅल्युमिनियम जास्त आणि रेंज कमी. तोशिबाची टायटेनेटवाली (ग्राफाइटऐवजी लिथियम टायटेनेट) बॅटरी कधीपासून झटपट चार्ज होते, हजारो वेळा. पण जड आणि महाग.
असा फॉरवर्ड आला की विचारायचं: किती टक्क्यांपासून किती? अशी किती वेळा चार्ज-डिस्चार्ज होऊन टिकली? बॅटरीच्या किलोमागे किती वॅट-तास वीज मावते? तिसऱ्याला बहुतेक सगळे गप्प.

कुलकर्णी, ए-३०२: मग कोटेशन कशाचं मागवायचं?

पाटील, सी-५०१: ३.३ किलोवॅटच्या पॉइंटचं. रात्रीच्या ८ तासांत २६ युनिट, लॉस धरून १३०-१४० किमी. मीटररूमपासून पार्किंग ६० मीटर आहे. अडीच एमएमची (म्हणजे चौरस मिमी) वायर ओढली तर १६ अँपिअरला १३ व्होल्ट वायरीतच जातील. ४ एमएम तांब्याची घ्या. प्रत्येक पॉइंटला वेगळा २० अँपिअर सी-कर्व्ह एमसीबी (जादा करंटला ट्रिप होणारा), ३० मिलीअँपिअरची टाइप ए आरसीसीबी (करंट गळला, शॉक बसला तर तोडणारी) आणि इंडस्ट्रियल सॉकेट. घरातला गीझरचा सॉकेट नको. तासन्‌तास लोड राहिला की पिना सैल होतात, मग प्लॅस्टिक वितळतं.

देसाई, बी-७०३: पुढे कुणाला ७ किलोवॅटचा हवा असेल तर?

पाटील, सी-५०१: ३२ अँपिअर, म्हणजे १० एमएम केबल. म्हणून पाइप आत्ताच जाडा टाकू, नंतर फोडाफोड नको.

कुलकर्णी, ए-३०२: ठीक. विषय अजेंड्यावर राहू दे. कोटेशनमध्ये ‘तांब्याची’ असं लिहून घ्या, नाहीतर कंत्राटदार अ‍ॅल्युमिनियम टाकेल.