परफॉर्मन्स कारसाठी प्रीमियम पेट्रोल: कंपनी बदलली तर खरोखर फरक पडतो का?

घोडबंदरकर

नमस्कार. माझ्याकडे २०१८ सालची, दोन लिटर टर्बो इंजिनाची, डायरेक्ट इंजेक्शनची ऑटोमॅटिक सेडान आहे. २०२२ मध्ये मी ती जुनी म्हणून विकत घेतली. रोजचा प्रवास कासारवडवली ते ऐरोली एवढाच. मात्र महिन्यातून एखादे वेळी आमणेहून समृद्धीला लागून नाशिककडे जातो आणि तेव्हा गाडीचा खरा आनंद मिळतो. टाकीच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर पेट्रोलच्या ऑक्टेनसाठी 'किमान ९५' असे छापलेले आहे.

गाडी घेतली त्या मे महिन्यात मी अजाणतेपणी दोन वेळा साधे पेट्रोल भरले होते. भर दुपारी, एसी चालू असताना, गायमुखच्या चढावर इंजिनातून बारीक खडखड ऐकू आली. मेकॅनिकने नॉकिंगचे (सिलिंडरमधले हवा-पेट्रोलचे मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या ठोक्यांचे) निदान केले आणि एका विशिष्ट कंपनीचेच प्रीमियम पेट्रोल भरण्याचा सल्ला दिला. तसे केल्यावर आवाज थांबला, म्हणून मी आजवर त्याच कंपनीला धरून आहे. पण आता सोसायटीतील एक जण भारत पेट्रोलियमच्या स्पीड ९७ शिवाय दुसरे काही भरत नाही, दुसरा शेल व्ही-पॉवरची बाजू घेतो, आणि तिसऱ्याच्या मते इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे एक्सपी१०० भरल्याशिवाय अशी गाडी बाळगण्यात अर्थच नाही. पंपावर विचारले तर प्रत्येक जण आपलेच पेट्रोल सर्वांत चांगले असल्याचे सांगणार, यात नवल नाही.

या कंपन्यांच्या प्रीमियम पेट्रोलमध्ये गुणवत्तेचा फरक आहे की तो आपल्या मनाचा खेळ आहे? आणि १०० ऑक्टेनसाठी लिटरला १६० रुपयांच्या पुढे मोजणे माझ्यासारख्याला योग्य ठरेल का? ज्यांनी मोजून पाहिले आहे किंवा ज्यांचा या क्षेत्राशी संबंध आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त प्रयोगशाळावाला, चेंबूर

मी पेट्रोलियम उत्पादनांच्या चाचणी प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो. आपला आवाज थांबला तो कंपनी बदलल्यामुळे नव्हे, तर ऑक्टेन बदलल्यामुळे. २०२२ मध्ये साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे होते आणि आपल्या इंजिनाला किमान ९५ हवे होते. त्या वेळी आपण कोणत्याही कंपनीचे ९५ भरले असते तरी खडखड थांबली असती.

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा. दाबाखाली आणि उष्णतेत, स्पार्क प्लगची ठिणगी पोहोचण्याआधी किंवा ज्योत पसरत असताना उरलेले मिश्रण आपोआप पेटू नये, यासाठी इंधन किती तग धरते, त्याचे ते माप आहे. आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला शून्य मानून, दाब कमी-जास्त करता येणाऱ्या एका सिलिंडरच्या प्रमाणित इंजिनावर ही चाचणी घेतात. पंपावर लिहिलेला आकडा हा रिसर्च ऑक्टेन असतो आणि तो मिनिटाला ६०० फेऱ्यांवर मोजलेला असतो. अमेरिकेतल्या पंपावर रिसर्च आणि मोटर (अधिक कडक परिस्थितीत मोजलेला) या दोन आकड्यांची सरासरी लिहितात, त्यामुळे तिकडच्या चर्चा वाचताना आकडे थेट ताडून पाहू नयेत. तिकडचे ९१ म्हणजे आपल्याकडच्या आकड्यात साधारण ९५-९६ होते.

आता कंपन्यांबद्दल. माहुलला दोन रिफायनऱ्या आहेत, एक हिंदुस्थान पेट्रोलियमची आणि दुसरी भारत पेट्रोलियमची. इंडियन ऑइलची मुंबईत रिफायनरी नाही. तरीही ठाण्यापासून पनवेलपर्यंत तिन्ही कंपन्यांचे पंप अखंड चालतात, कारण या कंपन्या एकमेकींकडून माल घेतात आणि देतात; ते या धंद्यात फार जुने आणि पूर्णपणे अधिकृत आहे. बीएस-६ चे (प्रदूषण कमी करण्यासाठीचे) निकष सर्वांना सारखेच लागू आहेत, गंधकाची मर्यादा प्रत्येकालाच १० पीपीएम आहे. म्हणजे साध्या पेट्रोलच्या बाबतीत पाटी कोणाची, याला फारसा अर्थ उरत नाही.

प्रीमियममध्ये मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली विकल्या जातात आणि गोंधळ तिथेच होतो. पहिली गोष्ट म्हणजे अ‍ॅडिटिव्ह. इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर काजळीचा थर बसू नये म्हणून घातलेले ते डिटर्जंट असते आणि प्रत्येक कंपनीचे मिश्रण आपापले असते. टँकर भरताना ते ठरावीक मात्रेत सोडले जाते. कंपन्यांमधला खरा फरक असेल तर तो इथे आहे, पण त्याचा परिणाम काही हजार किलोमीटरनंतर दिसतो. पंपावरून बाहेर पडून माजिवड्याच्या पुलावर चढेपर्यंत गाडी 'हलकी' वाटली, तर ते अ‍ॅडिटिव्हचे काम नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे खरोखर वाढवलेला ऑक्टेन. ९७ किंवा १०० चा आकडा डिटर्जंट मिसळून येत नाही, त्यासाठी रिफायनरीतच वेगळे घटक लागतात. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी१०० बाजारात आणले, ते मथुरेच्या रिफायनरीत त्यांच्या स्वतःच्या ऑक्टामॅक्स तंत्राने तयार केले होते.

यात अलीकडे एक भर पडली आहे. साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या घरात असल्यामुळे ई२० पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९५ धरलेला आहे. म्हणजे लिटरमागे काही रुपये जास्त देऊन आपण '९५' घेतो, तेव्हा आज प्रामुख्याने अ‍ॅडिटिव्हचे पैसे देतो, ऑक्टेनचे नव्हे. ही बाब कोणत्याही पंपावर ठळकपणे लिहिलेली मी पाहिलेली नाही.

पामबीचवाला

वरील प्रतिसाद वाचून समाधान वाटले. मी यात प्रत्यक्ष मोजमापाची बाजू जोडतो. माझी हॅचबॅकही टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनची आहे, तिचे रिमॅपिंग (जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या संगणकातील सेटिंग बदलणे) केलेले आहे, आणि त्या संगणकाच्या ओबीडी सॉकेटला रीडर लावून मी प्रत्येक सिलिंडरचे इग्निशन टायमिंग किती मागे घेतले जाते ते नोंदवतो. गाडीत नॉक सेन्सर असतो. ठोका जाणवला की ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) ठिणगी काही अंशांनी उशिरा देतो. त्यामुळे आजच्या गाड्यांत इंजिन बिघडण्याआधी ताकद कमी होते, आणि कानाला काहीच ऐकू येत नाही. आपल्याला गायमुखला ऐकू आले, याचा अर्थ त्या दिवशी ईसीयूचेही हात टेकले होते.

माझ्या नोंदींत दोन कंपन्यांच्या ९५ ऑक्टेनमध्ये डोळ्यात भरेल असा फरक कधीही दिसला नाही. त्याच गाडीत ९५ वरून १०० वर गेल्यावर मात्र, एप्रिल-मेच्या उकाड्यात, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर, टायमिंग मागे घेणे जवळपास थांबले. पण हे माझ्या रिमॅप केलेल्या गाडीचे झाले. कंपनीच्या मूळ सेटिंगवर चालणाऱ्या गाडीचा ईसीयू ज्या मर्यादेपर्यंत ठिणगी पुढे आणायला शिकवलेला आहे, त्याच्या पलीकडे तो जात नाही, मग टाकीत १०० असो वा आणखी काही. अमेरिकेतील एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१७ मध्ये प्रीमियमची 'शिफारस' असलेल्या गाड्या तपासल्या, तेव्हा प्रीमियममुळे ताकदीत सरासरी १.४ टक्के आणि अ‍ॅव्हरेजमध्ये २.७ टक्के वाढ मिळाली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिघ्याच्या अलीकडे टँकरच्या मागे रांगेत उभे असताना हा दीड टक्का कुठे वापरायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अ‍ॅडिटिव्हबद्दल मात्र मी प्रयोगशाळावाल्यांपेक्षा थोडा जास्त आग्रही आहे, आणि थोडा साशंकही. आग्रही यासाठी की याच संस्थेच्या २०१६ च्या चाचणीत, डिटर्जंटचे कडक निकष न पाळणाऱ्या पेट्रोलने ४,००० मैलांत इनटेक व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट जास्त थर साचवला. साशंक यासाठी की घोडबंदरकर, आपल्या दोघांच्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. ते इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहतच नाही, त्यामुळे कितीही महागडे डिटर्जंट तो थर धुऊ शकत नाही. इंजेक्टरच्या तोंडाशी त्याचा उपयोग होतो, आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर ही महागडी वस्तू असल्यामुळे तो उपयोग कमी लेखू नये. व्हॉल्व्हसाठी शेवटी इनटेक उघडून अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीचा मारा करूनच सफाई करावी लागते. माझ्या गाडीचे ते काम झाले तेव्हा निघालेली काजळी पाहून, आजवर 'इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या' पेट्रोलवर घातलेल्या पैशांचा मी मनातल्या मनात हिशेब केला होता.

कोपरीकर

आपण दोघेही कंपनी आणि ऑक्टेन यांवर बोलत आहात, पण माझ्या अनुभवाने फरक पंपाचा असतो. दोन वर्षांपूर्वी जुलैत, मुसळधार पावसानंतरच्या सकाळी, महामार्गावरच्या एका पंपावर मी टाकी भरली आणि दोन किलोमीटरच्या आत गाडी धक्के खात बंद पडली. टाकीतून पाणी निघाले. पाटी नामांकित होती, पेट्रोलही प्रीमियम होते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जमिनीखालच्या टाकीत पाणी प्रमाणाबाहेर शिरले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासह तळाशी बसते. खाली उरते ते जळत नाही, आणि वर उरते त्याचा ऑक्टेन घसरलेला असतो.

म्हणून मी आता विक्री जास्त असलेला पंप निवडतो आणि पावसाळ्यात आधी विचारतो. घनता मागण्याचा आपल्याला हक्क आहे: त्या दिवशीची नोंद फलकावर असते, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर पंपावरच असतात, आणि १५ अंश सेल्सिअसला आणलेली घनता नोंदीपेक्षा घनमीटरमागे ३ किलोपेक्षा जास्त हलली तर प्रश्न विचारावा. फिल्टर पेपरही मागता येतो. थेंब वाळल्यावर डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यावी. ऑक्टेन मात्र यातल्या कशानेही कळत नाही. १०० ऑक्टेनची विक्री मुळात कमी असते, त्यामुळे तिथे टँकर शेवटचा कधी आला, एवढे तरी विचारूनच नोझल लावू द्यावे.

घोडबंदरकर

तिघांचेही मनापासून आभार. तीन वर्षे मी ज्या कंपनीचे गुण गात होतो, ते श्रेय ऑक्टेनचे होते, हे वाचून थोडा ओशाळलो. कोपरीकरांचा प्रसंग वाचल्यावर आज जाऊन घनता विचारली; पंपावरच्या मुलाने आधी चमकून पाहिले, पण मॅनेजरने विनातक्रार मोजून दाखवली.

एक शंका उरली आहे. साध्या पेट्रोलचाच ऑक्टेन आता ९५ असेल, तर मी सरळ साधे भरावे का? आणि समृद्धीला जाण्याआधी अर्धी टाकी १०० ची आणि अर्धी साध्याची, असे केलेले चालते का?

निवृत्त प्रयोगशाळावाला, चेंबूर

ओशाळण्याचे कारण नाही, आमच्या प्रयोगशाळेतले लोकही आपापल्या गाडीत ठरलेल्या पंपावरचेच भरत असत.

ऑक्टेनच्या दृष्टीने साधे चालेल. उलट डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इथेनॉल वाफ होताना जास्त उष्णता ओढून घेते, त्यामुळे सिलिंडर थंड राहतो आणि नॉकिंगला आणखी आळा बसतो. अडचण दुसरीकडे आहे. आपली गाडी २०१८ ची, म्हणजे ई२० साठी बनवलेली नव्हे. झाकणाच्या आत 'ई५' किंवा 'ई१०' असे चिन्ह आहे का ते पाहावे, आणि तेवढेच असेल तर रबरी नळ्या व सील यांची तपासणी प्रत्येक सर्व्हिसिंगला सांगून करून घ्यावी. प्रीमियम ९५ घेतल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण त्यातही इथेनॉल असते. एक्सपी१०० इथेनॉलविरहित असल्याचे कंपनी सांगते, आणि जुन्या गाड्यांचे मालक ते भरतात त्यामागे ऑक्टेनपेक्षा हेच कारण अधिक रास्त आहे. अ‍ॅव्हरेजही थोडे उतरेल. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिश्रणात हिशेबाने सहा-सात टक्क्यांची घट येते.

मिसळायला काहीच हरकत नाही. अर्धे-अर्धे केल्यास ऑक्टेन ढोबळमानाने ९७ च्या पुढे जाईल आणि इथेनॉल १० टक्क्यांवर येईल, म्हणजे आपल्या गाडीला मुळात अपेक्षित होते साधारण तेवढेच. फक्त १०० आधी भरावे आणि साधे नंतर, कारण १०० चा पंप आपल्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी मिळणार नाही. आणि गायमुखला चढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उंच गिअरला चिकटून बसला असेल तर हाताने एक गिअर खाली आणावा, म्हणजे इंजिनावरचा भार आणि नॉकिंगची शक्यता कमी होते.