हिंडतं-फिरतं माणूस असेल तर मणक्याचं फ्यूजन टाळावं, असं माझं मत. खोडून काढा.

अंबाजोगाईचा मास्तर
वय ४६. एल५-एस१ ला, म्हणजे कंबरेच्या अगदी खालच्या सांध्याला, मणका सरकलाय, ग्रेड दोन, म्हणजे पाव ते अर्धा पुढं. सर्जन म्हणाले, स्क्रू-रॉड टाकून दोन्ही हाडं एकत्र जोडून टाकू. मी नाही म्हणून आलो.

माझी पहाट मुकुंदराजाच्या समाधीपर्यंत चालण्यात जाते. शाळेत पोरांसोबत व्हॉलीबॉल, आषाढीला चार-पाच मुक्काम दिंडीत. दुखतं. कळ डाव्या पोटरीपर्यंत जाते, चालताना डाव्या पायातली चप्पल निसटते. पण थांबलेलो नाही. एकदा सांधा जोडला की तो गेलाच. त्याचा ताण वरच्या मणक्यावर येणार आणि काही वर्षांनी तो बोंबलणार. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. जुनाट कंबरदुखीचे ३४९ रुग्ण. काहींना फ्यूजन, काहींना कसून व्यायाम. दोन वर्षांनी फरक किरकोळ. मग स्क्रू कशाला?

बालाघाट_७१
मास्तर, माझं तुमच्या उलट आहे. मी हिंडता यावं म्हणूनच करून घेतलं. त्याआधी बांधापर्यंत जाताना तीनदा उकिडवं बसायचो, तेव्हा कुठं कळ थांबायची. आता सहा वर्षं झाली. पाणी धरतो, पंगतीत मांडी घालून जेवतो. वाकणं बरंचसं खुब्यातून होतं हो, एक मणका जोडला म्हणून माणूस लाकूड होत नाही. सोयाबीनचं पोतं मात्र गडीच उचलतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यानं मोटारसायकल बंद. एवढं सोडलं तर लई बरं चाललंय.

उदगीरकर
गोल्फवाला टायगर वूड्स बघा की. एप्रिल २०१७ मध्ये फ्यूजन, हाच एल५-एस१, आणि २०१९ ला मास्टर्स जिंकला. तुम्ही व्हॉलीबॉलला घाबरताय.

अंबाजोगाईचा मास्तर
त्यानंतरही त्याच्या पाठीवर ऑपरेशनं झालीच, तेही सांगा. आणि त्याच्या दिमतीला किती माणसं! माझ्या दिमतीला बायको आणि एक बाम.

जालन्याची सून
बायकोवरून बोलते. तुम्हा गड्यांची चर्चा दिंडी आणि व्हॉलीबॉलची चाललीय. माझं दोन वर्षांपूर्वी झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कंबर पिळायची नाही. एप्रिल महिना, गावात टँकर. पाइप टाकीत पडला की बाई हंडा घेऊन पळते, ती टाके बघत बसत नाही. पाहुणे येऊन म्हणायचे, ऑपरेशन झालं ना, मग आता काय? नवऱ्यानं पहिले दीड महिने भरलं पाणी, नंतर त्याची लाज जागी झाली. हाड जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं, हे घरात कुणालाच पटत नव्हतं, कारण वरची जखम तर भरलेली दिसते. पायातली कळ गेली, कंबर अजून धरते. मी ऑपरेशनच्या विरोधात नाही. पण ज्या घरात पाणी भरायला दुसरं माणूस नाही, तिथं तारीख उन्हाळ्यातली घेऊ नये. आणि मास्तर, तुमच्या घरी कोण भरतं?

बालाघाट_७१
ताई, हे मला सुचलंच नव्हतं. माझं सगळं आईनं केलं.

फिजिओ, नांदेड
मास्तरांनी चाचणी अर्धीच सांगितली. त्यातला ‘व्यायाम’ म्हणजे बहुतेक ठिकाणी सुमारे ७५ तास, रोज कसून, शिवाय मनातली भीती काढण्याचं समुपदेशन वेगळं. आपल्याकडं तालुक्याला फिजिओथेरपी म्हणजे दहा मिनिटं मशीनचा शेक आणि भिंतीवरचा तक्ता. (मीच ते करते, म्हणून बोलायचा हक्क.) तसा व्यायाम करणार असाल तर तुमच्या मताला वजन आहे. वरच्या मणक्याची भीतीही खोटी नाही.

पण ती चाचणी दुखण्यावर होती, आणि तुम्ही मधेच चप्पल निसटण्याचं लिहून पुढं गेलात. दुखणं वेगळं, पायातली ताकद जाणं वेगळं. दुखण्यावर वाट बघता येते; नस दबून पंजा उचलेनासा झाला की वाट बघण्यात तोटा, कारण गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. टाचांवर दहा पावलं चालून बघा. बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी अडली-सुटली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा, मतं नंतर.

आणि तंबाखू मळता का? निकोटिननं हाड जुळायला अडथळा येतो. करायचंच ठरलं तर आधी ती सुटली पाहिजे.

उदगीरकर
म्हणजे करावं की करू नये?

फिजिओ, नांदेड
मी त्यांना तपासलेलं नाही.

अंबाजोगाईचा मास्तर
आत्ता ओसरीत टाचांवर चाललो. उजवा पंजा वर राहतो, डावा चौथ्या पावलाला खाली येतो. बायको उंबऱ्यातून बघत होती, म्हणून सहा वेळा करून पाहिलं. पंजा तिथंच येतो.

कंबरदुखीपुरतं माझं मत तेच आहे. सोमवारी लातूरला दुसऱ्या सर्जनला दाखवतो. जालन्याच्या ताई, पाणी तीच भरते. तारीख पावसाळ्यातली मागतो.

पुडी अजून खिशात आहे.