गाभण तपासणीत चूक झाल्यापासून हात कचरतो. वरिष्ठांची टीका कशी पचवावी?

प्रश्न (आंतरवासिता विद्यार्थी, करवीर)

पशुवैद्यकीय पदवीची आंतरवासिता मी कोल्हापूर जिल्ह्यात करीत आहे. तीन आठवड्यांपूर्वी एका गोठ्यात गुदमार्गातून हात घालून म्हैस तपासली आणि ती खाली, म्हणजे गाभण नसल्याचे मी मालकांना सांगितले. वरिष्ठ डॉक्टरांनी पुन्हा हात घातला तेव्हा ती दोन महिन्यांची गाभण निघाली. "माजावर आणायचे इंजेक्शन दिले असते तर गर्भ पडला असता, याचे भान आहे का?" असे ते मालक, त्यांच्या आई आणि माझे दोन सहकारी यांच्या देखत बोलले. त्यांचे बोलणे खरे होते, म्हणूनच ते मनातून जात नाही. तेव्हापासून गर्भाशयाचे शिंग (त्याच्या दोन फाट्यांपैकी एक) हाताला लागले तरी जाणवले ते खरे की भास, हे मला ठरवता येत नाही, आणि मी गप्प उभा राहून वरिष्ठ काय म्हणतात याची वाट पाहतो. साडेचार वर्षे शिकूनही आपण या कामाचे नव्हेच, असे रात्री वाटत राहते. आपण यातून वाट कशी काढलीत?

उत्तर (निवृत्त पशुधन विकास अधिकारी, कागल)

आपल्या वरिष्ठांनी इंजेक्शनाचा धोका सांगितला. आपण या कामाचे नाही, हे मात्र आपण स्वतः त्याला जोडले आहे. पहिली गोष्ट वहीत लिहून ठेवण्याजोगी आहे, दुसरीला आधार नाही. दोन महिन्यांच्या सुमारास फरक नाजूकच असतो: एक शिंग दुसऱ्यापेक्षा किंचित मोठे, भिंत पातळ, आत पाणी असल्यासारखे. दोन्ही शिंगे मुळापासून टोकापर्यंत चाचपून त्यांची तुलना केल्याशिवाय "खाली" हा शब्द उच्चारू नये. आपला हात नेमका कुठे कमी पडला, हे वरिष्ठांना एकांतात विचारा. परतीच्या प्रवासात गाडीत विचारणे सर्वांत सोपे जाते. यापुढे त्यांनी हात घालण्यापूर्वीच आपला निष्कर्ष मोठ्याने सांगा. गप्प राहिल्याने चूक झाकली जाते, पण हात शिकत नाही. "आज निश्चित सांगता येत नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा पाहू, तोवर इंजेक्शन नको" हाही पूर्ण आणि प्रामाणिक निष्कर्ष आहे.

मालकांसमोर विद्यार्थ्याला बोलणे मला मान्य नाही. मी स्वतः अनेक वर्षे तसे केले, आणि एका हुशार मुलाने मला प्रश्न विचारणेच सोडून दिले, याची खंत अजून आहे.

उत्तर (पशुवैद्यक, राधानगरी)

मी गोठ्यात शिरले की सुरुवातीला "डॉक्टर कधी येणार?" असे विचारले जाई. एका रात्री आदल्या दिवशी व्यालेली गाय मान कुशीकडे वळवून बसली होती, कान थंडगार होते. दुग्धज्वर, म्हणजे विण्याच्या सुमारास रक्तातले कॅल्शियम घटून होणारा आजार, ओळखून मी शिरेतून कॅल्शियम सुरू केले, एक हात स्टेथोस्कोपवर. ठोके अडखळू लागल्यावर धार मंद केली, तेव्हा मालक वैतागून म्हणाले, "बाटली वर धरा की, किती वेळ लावताय!" माझे हात कापत होते, पण घाई केली असती तर गाय जागीच गेली असती. त्या टीकेमागे गाय जाण्याची भीती होती, माझ्या कामाची पारख नव्हती. आपल्या वरिष्ठांच्या बोलण्यात मात्र पारख आहे, म्हणून ते लागले तरी ठेवून घ्या. सगळी टीका एकाच तागडीत तोलू नका. झोप उडणे असेच चालू राहिले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते. त्यात कमीपणा मुळीच नाही.

उत्तर (म्हैसपालक, पन्हाळा)

डॉक्टर, गाभण म्हणून सांगितलेली म्हैस खाली निघाली तर आमचे महिनोन्महिन्यांचे वैरण-पेंड वाया जाते, म्हणून आमच्या तोंडून कडक शब्द निघतात. तरीही "पुन्हा तपासतो" म्हणून ठरल्या दिवशी खरोखर येणाऱ्या तरुण डॉक्टरांवर आमचा विश्वास लवकर बसतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. वरिष्ठांना गाडीत विचारले; डावे शिंग मी टोकापर्यंत चाचपलेच नव्हते. काल दोन म्हशी तपासून आधी मीच मोठ्याने सांगितले. पहिलीचा निष्कर्ष जुळला. दुसरीबाबत निश्चित नसल्याचे म्हणालो, तेव्हा त्यांनी स्वतः हात घालून पाहिले आणि म्हणाले, "मलाही आज सांगता येत नाही. पुढची तारीख लिहून घे."